वकीलपत्र एका बाजूचं, आमदारकी दोन्ही बाजूंची

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या कोर्टात ११ वर्षं दिवाणी वकिली करणाऱ्या एका वकिलांना पक्षाकडून विधानसभेसाठी विचारणा झाली आहे. निवडून आल्यावर वकिली चालू ठेवता येते का, कोर्टातला अनुभव सभागृहात कितपत कामी येतो आणि या बदलात माणसाचं काय बदलतं, हे त्यांना या वाटेने गेलेल्या कुणाकडून तरी ऐकायचं आहे. हातात शंभरावर चालू प्रकरणं आहेत, त्यात वाटपाचा एक जुना दावा पुराव्याला लागलाय, असंही त्यांनी लिहिलंय.

मी २२ वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात वकिली केली. त्यानंतर दोनदा विधानसभेवर निवडून गेलो, तिसऱ्यांदा पडलो, आणि आता पुन्हा काळा कोट चढवून रोज बाररूममध्ये बसतो. जे पाहिलं आणि जिथे चुकलो, त्यावरून लिहितो.

कायद्याचा भाग आधी उरकू. आमदार-खासदारांना वकिली करायला मनाई करावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. २५ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. लोकप्रतिनिधीला वेतन-भत्ते मिळत असले तरी तो त्या अर्थाने कुणाचा नोकर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा आमदार झालं म्हणून वकिलीची सनद जात नाही. मंत्रिपद मिळालं तर मात्र ती बाजूला ठेवावी लागते. सरकारी वकिलांच्या यादीत तुमचं नाव असेल तर उमेदवारी अर्ज भरण्याआधी राजीनामा द्या. अनुच्छेद १९१ मधल्या लाभाच्या पदाचा वाद अंगावर ओढवून घेण्यात काही हशील नाही. उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, ज्यात मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते, ते स्वतः बसून भरा, कारकुनावर सोपवू नका. आणि निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब दाखल करा. दुसऱ्यांच्या मुदती सांभाळणारे आपण, स्वतःची मुदत चुकवतो हे मी जवळून पाहिलंय.

आता खरं उत्तर. कायद्याने परवानगी दिली म्हणून दोन्ही जमतं असं नाही. वर्षाला तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. मधल्या काळात समित्यांच्या बैठका, दौरे, मतदारसंघ. कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, काही तुमचं अधिवेशन बघून लागत नाही. पहिल्या वर्षी मी दोन्हीकडे पाय ठेवून होतो. डिसेंबरात मी नागपूरला असताना माझ्या एका अशिलाचा मनाई अर्ज, म्हणजे समोरच्याला तात्पुरतं थांबवा असं मागणारा अर्ज, सुनावणीला निघाला. ज्युनिअरने तारीख मागितली, ती नामंजूर झाली. बिचाऱ्याने जमेल तसा युक्तिवाद केला. अर्ज फेटाळला गेला, आणि आठवड्याभरात समोरच्याने वादातल्या जागेवर पत्रे ठोकले. त्या अशिलाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्यानंतर आमदारकी संपेपर्यंत मी नवीन वकीलपत्र घेतलं नाही. जुन्यातली वीस-बावीस प्रकरणं ठेवली, बाकीच्या प्रत्येक अशिलाला समोर बसवून, फाइल दाखवून, दुसऱ्या वकिलाकडे दिली. घेतलेल्या फीपैकी जे काम झालं नव्हतं त्याचे पैसे परत केले.

आणखी एक पथ्य मी पाळलं, ते कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही. मतदारसंघातल्या भूसंपादनाच्या मोबदल्याची आणि सरकारी ठेक्याची प्रकरणं स्वतःकडे ठेवायची नाहीत. ज्या अधिकाऱ्याला आज समितीत जाब विचारायचा, त्याच्याच निर्णयावर उद्या कोर्टात फी घेऊन उभं राहायचं, हे मनाला पटेना.

तुम्ही विचारलंत की माणसाचं काय बदलतं. त्याचं उत्तर मला एका शेतरस्त्याने दिलं.

निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात पंधरा वर्षांपासूनचा माझा एक अशील सकाळी साडेसहाला ओट्यावर येऊन बसला. शेजारणीने बांधालगतची वाट नांगरून टाकली होती. ऊस तोडणीला आलेला आणि ट्रॅक्टर आत जाईना. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे त्याचा दावा पडून होता. वकील असतो तर मी स्थळपाहणीचा अर्ज दिला असता, पंचनामा मागितला असता. आमदार होतो, म्हणून फोन उचलला. एवढंच म्हणालो, "रस्त्याचं ते प्रकरण जरा लवकर बघा." निकाल अमुक द्या असं म्हटलं नव्हतं आणि त्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलंही नाही. चार दिवसांत माझ्या अशिलाच्या बाजूने आदेश निघाला. स्थळपाहणी झाली होती ती कागदावर.

पाचव्या दिवशी ती शेजारीण आली. विधवा बाई, बरोबर बारावीतली लेक. कापडी पिशवीतून तिने सातबारा काढला, जुना नकाशा काढला आणि माझ्या पुढ्यात पसरला. नकाशात वाट होती, पण ती दहा-बारा हात पलीकडून, ओढ्याच्या कडेने जात होती. मग ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्यांचे वकील, ते मला ठावं होतं. तरी मत तुम्हालाच दिलं. आता मी कुणाकडं जायचं?"

वकिलीत या प्रश्नाची वेळच येत नाही. समोरच्याचा वकील समोरच्याला सांभाळतो, मधे न्यायाधीश बसलेला असतो, आणि आपण आपली बाजू पूर्ण ताकदीने मांडली की आपलं कर्तव्य झालं. ती सगळी रचना पाठीशी असते म्हणून आपण एकतर्फी असू शकतो, आणि तसंच असायला हवं. आमदाराच्या ओट्यावर ती रचना नसते. वादी-प्रतिवादी दोघंही त्याचेच. तहसीलदार, प्रांत हे सुनावणी घेतात तेव्हा ते अधिकारी नसून न्यायाच्या आसनावर बसलेले असतात, आणि तिथे आमदाराचा 'जरा लवकर' हा शब्दही एका पारड्यात पडलेलं वजन असतो. मला हे वकील म्हणून आधीच कळायला हवं होतं.

मी तिला तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महसुली न्यायालयातल्या कामालाही ते लागू आहे. तुम्हाला हे माहीत असेल, पण मतदारसंघातल्या शंभरातल्या पाच बायांनाही ते माहीत नसतं. प्रांतांकडे प्रकरण फिरून उघडलं, या वेळी खरी स्थळपाहणी झाली, आणि वाट नकाशाप्रमाणे ओढ्याकडून निघाली. माझा जुना अशील वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर सुनावणीत असलेल्या प्रकरणात मी कुणाला फोन केला नाही, आणि तसं कार्यालयाच्या दारावर लिहून लावलं. मतं गेली असतील. पण तालुक्यात रस्त्याचे किती दावे किती महिन्यांपासून पडून आहेत, हा प्रश्न मी सभागृहात विचारला. एका माणसाचं प्रकरण पुढे ढकलण्यापेक्षा सगळ्यांच्या तारखा जवळ आणणं, हे आमदाराच्या हातातलं काम आहे.

वकिली सभागृहात कुठे उपयोगी पडते? भाषणात फार नाही. आपल्याला प्रस्तावना करून, दाखले देत, हळूहळू मुद्द्यावर यायची सवय असते. तिथे मुद्द्यावर येईपर्यंत घंटा वाजते. पहिलं वाक्यच मागणीचं असलं पाहिजे, हे शिकायला मला दोन अधिवेशनं लागली.

उपयोग होतो तो प्रश्नोत्तरात. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे: अमुक झालं हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उलटतपास घेतलेल्या माणसाला हा साचा हातातल्या हत्यारासारखा आहे. नवखा सदस्य एकाच भागात चार आरोप कोंबतो. त्यातला एक चुकीचा निघतो, आणि खात्याचं उत्तर येतं, 'हे खरे नाही.' पुढच्या सगळ्या भागांना मग एकच उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.' उलटतपासात आपण एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती घालतो, साक्षीदाराला पळायला वाट ठेवत नाही. तसाच प्रश्न लिहा. आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाका. 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं की समजा, उपप्रश्नाला जागा झाली. आणि मंत्र्यांनी 'तपासून कार्यवाही करू' म्हटलं की ते शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली गेली का हे पाहणारी आश्वासन समिती त्यासाठीच आहे, पण तिच्याकडे पाठपुरावा करणारे सदस्य मोजके.

त्याहून मोठा उपयोग विधेयक वाचताना. आपण कलमाकडे जातो आणि लगेच त्याखालचं परंतुक शोधतो. 'परंतु' पासून सुरू होणाऱ्या दोन ओळी वरचा अख्खा परिच्छेद फिरवू शकतात, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. तशीच नजर 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' या शब्दांवर ठेवा. फी किती, मुदत किती, अपील कुणाकडे, हे सगळं तिथून नियमांमध्ये निघून जातं आणि सभागृहापुढे फक्त सांगाडा येतो. विधेयकाच्या शेवटी वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन असतं. मी विधेयक तिथून वाचायला सुरुवात करायचो. नियम पुढे सभागृहासमोर तीस दिवस ठेवले जातात, त्यात बदलही सुचवता येतो. पण ते कुणी उघडून पाहिले तर.

न वाचता मंजूर झालेल्या कायद्याचं काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००५ साली मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३-अ आणि ३३-ब घालून डान्स बारवर बंदी आणली. सभागृह एकमताने पाठीशी होतं. पण ३३-ब मध्ये तारांकित हॉटेलं आणि क्लब यांना सूट होती. साध्या बारमध्ये जे अनैतिक, ते मोठ्या हॉटेलात चालतं, हा भेद समानतेच्या कसोटीवर कसा टिकणार? २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमं रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. २०१४ मध्ये सूट काढून पुन्हा बंदी, २०१६ मध्ये नवा कायदा, २०१९ मध्ये त्यातल्याही अनेक अटी रद्द. बंदी योग्य की अयोग्य यावर दोन मतं असू शकतात. पण अनुच्छेद १४ चा साधा मुद्दा २००५ मध्येच कुणी दुरुस्ती सूचनेच्या रूपाने लावून धरला असता, तर १४ वर्षांचा हा प्रवास टळला असता. ज्या बायांचा रोजगार त्यात सापडला, त्यांची ती वर्षं कुणी परत दिली नाहीत.

माझ्या वाट्याला असा एक छोटा प्रसंग आला. नागपूरच्या आमदार निवासात रात्री एक दुरुस्ती विधेयक वाचत होतो. सकाळी दहा-बारा मिनिटांत मंजूर होणाऱ्यांपैकी ते. एका खंडात अधिकाऱ्याला छोट्या धंद्याचा परवाना रद्द करायचा अधिकार दिला होता, आणि सुनावणीचा शब्द कुठेच नव्हता. मी 'म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज' एवढेच शब्द घालणारी दुरुस्ती लिहून सकाळी दिली. मंत्रिमहोदयांनी लॉबीत बोलावून विचारलं, मी दोन मिनिटांत समजावलं, आणि ते शब्द सरकारच्याच दुरुस्तीतून आत गेले. माझं नाव कुठे नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी, पराभवानंतर, एका पानटपरीवाल्याची अशीच नोटीस माझ्याकडे आली आणि उत्तर लिहिताना मी तेच शब्द आधाराला घेतले. त्या दिवशी मला जे वाटलं ते वकिलीतल्या कोणत्याही निकालाने वाटलं नव्हतं.

एक अडचण मात्र वकिलाला इतरांपेक्षा जास्त टोचते. आपण मत बनवतो ते कागद वाचून. सभागृहात मत असतं पक्षादेशाचं. दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मतदान केलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्वावर गदा येते. हा आदेश देणारा प्रतोद कुणी नेमायचा, विधिमंडळ पक्षाने की मूळ राजकीय पक्षाने, यावरही महाराष्ट्राच्या प्रकरणात ११ मे २०२३ ला घटनापीठाला सांगावं लागलं की तो अधिकार राजकीय पक्षाचा. तेव्हा तुमचा युक्तिवाद करायची जागा म्हणजे पक्षाची बैठक, विधेयक सभागृहात यायच्या आधीची. तिथे हट्टाने बोला. संयुक्त समितीकडे विधेयक गेलं असेल तर तिथे बसण्यासाठी धडपड करा. तिथे कॅमेरे नसतात, आणि सदस्य एकमेकांचं ऐकतात.

मंत्रिपद मिळालं नाही तर काय उपयोग, असं तुमचे कार्यकर्ते म्हणतील. वि. स. पागे यांचं उदाहरण मनात ठेवा. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते, खातं त्यांच्याकडे नव्हतं. पण रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांनी लावून धरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने देशाने तीच वाट धरली. गणपतराव देशमुखही कायदा शिकलेले. सांगोल्यातून ११ वेळा निवडून गेले, मधे १९७२ आणि १९९५ मध्ये हरले आणि पुन्हा लोकांत जाऊन उभे राहिले. यशवंतराव चव्हाण कराडला आणि वसंतराव नाईक पुसदला वकिली करून वर आलेले. त्यांच्या कारकिर्दीत तालुक्याच्या कोर्टातलं वातावरण कुठे दिसतं ते शोधून पाहा, मला तरी त्यांच्या महसूल आणि शेतीच्या जाणिवेत ते दिसतं.

पण वकील आणि आमदार यांचा सांधा ज्यांच्यात मला सगळ्यात स्पष्ट दिसतो ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोकणातली कुळं खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जाचाखाली होती. एकेका कुळाचा दावा लढवणं हे वकिलाचं काम. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं, म्हणजे दाव्याचं मूळच कायद्यातून उपटायचा प्रयत्न केला. त्या विधेयकाला यश आलं नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये. बारा वर्षं. कोर्टात हरलेला दावा अपिलात जातो. सभागृहात पडलेलं विधेयक लोकांच्या तोंडी जातं आणि कधीतरी परत येतं. शुक्रवारच्या अशासकीय कामकाजात रिकाम्या बाकांसमोर तुमचं विधेयक मांडाल तेव्हा हे आठवा, आणि तरीही नीट तयारी करून मांडा.

सभागृहात गोंधळ घालायची पाळी येईल, पक्षही तशी अपेक्षा ठेवेल. जुलै २०२१ मध्ये विधानसभेतले १२ सदस्य एका वर्षासाठी निलंबित झाले होते. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला. निलंबन चालू अधिवेशनापुरतंच असू शकतं. जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते, पण वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला प्रतिनिधीच राहत नाही, हा त्यातला युक्तिवाद मुळातून वाचा. कोणत्याही पक्षाच्या आमदाराने वाचावा असा निकाल आहे. तुमची खुर्ची रिकामी असते तेव्हा ती तुमची एकट्याची रिकामी नसते.

घराबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगतो. वकिलाच्या घरी संध्याकाळी आठला दार लागतं. आमदाराचं लागत नाही. लग्नाच्या तारखांना एका दिवसात पंधरा-वीस मांडव, शिवाय कुठे दहावा असतो, कुठे तेरावा. माझ्या पत्नीने पहिल्या महिन्यातच बजावलं होतं की स्वयंपाकघराचा उंबरा कार्यकर्त्यांनी ओलांडायचा नाही, आणि ती शेवटपर्यंत त्यावर ठाम राहिली. हे तुमच्या घरी अर्ज भरण्याआधी ठरवा. पैशाचंही आधीच बोला. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. त्यातला पैसा कुठून येणार, आणि देणाऱ्याला नंतर काय हवं असेल, हे कागदावर लिहून काढा. ज्याच्या पैशाचं उत्तर लिहिता आलं नाही, त्याचा पैसा घेऊ नका.

पडल्यानंतर परत येणं जड जातं. दहा वर्षांत कायदे बदललेले असतात, ज्युनिअर सीनियर झालेले असतात, आणि नव्या न्यायाधीशांना तुमचं नाव आमदार म्हणून माहीत असतं. मी परतलो तेव्हा पहिले सहा महिने मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकले. बाररूमने सांभाळून घेतलं. आमदार असताना बारशी नातं तुटू दिलं नव्हतं, वर्षातून दोन-तीनदा साधा वकील म्हणून जाऊन चहा घ्यायचो, त्याचा उपयोग झाला.

आता तुमच्या शंभर प्रकरणांबद्दल. मनाई अर्ज आणि दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) आधी दुसऱ्या वकिलांकडे द्या, कारण त्यांना उशीर चालत नाही. ज्या प्रकरणात समोरचा पक्ष तुमच्या मतदारसंघातला आहे, त्या अशिलाला उमेदवारीबद्दल स्वतः जाऊन सांगा. त्याने ते दुसऱ्याकडून ऐकू नये. आणि वाटपाच्या त्या जुन्या दाव्यात पुरावा अर्ध्यावर असेल तर तो सोडू नका. साक्षीदारांना तुम्ही ओळखता, कोण कुठे अडखळतं हे तुम्हाला ठाऊक आहे, नव्या माणसाला ते फाइलमधून कळणार नाही. जवळच्या तारखा मागून घ्या, आपला पुरावा संपला असं कोर्टाला लेखी कळवणारी पुरसीस द्या, आणि मग पक्षाच्या कार्यालयात जा.